लाकडाची जात विचारता, लाकडाचं गाव कोण विचारणार?

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. गोंदियात त्याचं घर उठतंय. खालचा मजला झाला, वरचा सुरू आहे. म्हणाला, "भाऊ, वरच्या दोन खोल्यांत टाइल्स नाही टाकत. लाकडाची फ्लोरिंग करतो म्हणतो. दुकानवाला पाच सॅम्पल देऊन गेला. तू इतकी वर्षं जंगलाच्या बातम्या करतोस, तूच सांग. कोणतं घेऊ, म्हणजे जंगलाचं पाप डोक्यावर येणार नाही?"

मी "सांगतो" म्हटलं आणि फोन ठेवला. तीन दिवस सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन ते पाच तुकडे पाहिले. बर्मा टीक, आफ्रिकन टीक, इंजिनिअर्ड वुड, लॅमिनेट आणि बांबू. प्रत्येकाच्या मागे कागद चिकटवलेला. जाडी लिहिलेली, भाव लिहिलेला, किती वर्षांची वॉरंटी तेही लिहिलेलं. फक्त एक गोष्ट कुठंच नव्हती. हे झाड उभं कुठं होतं?

तांदूळ घेताना आपण विचारतो, कुठला आहे. आंबा घेताना विचारतो. लाकूड घेताना मात्र जात विचारतो, भाव विचारतो आणि घरी आणतो. लाकडाचं गाव विचारत नाही. हे न विचारणं आपल्या भागात दीडशे वर्षांपासून चालत आलंय. म्हणून मित्राला द्यायचं उत्तर इथं सगळ्यांसाठी लिहितोय. थोडं लांब आहे, पण वाचा.

आधी आपल्याच घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे पायाखाली लाकूड कधीच नव्हतं. जमीन मातीची, चोपून बसवलेली, शेणाने सारवलेली. लाकूड होतं डोक्यावर. खांब, आडे, फाटे, दार, चौकट. मालगुजारांच्या वाड्यात माळ्याला फळ्यांची तक्तपोशी, एवढीच काय ती लाकडाची जमीन. आणि या सगळ्यात सागवान हे एकच लाकूड नव्हतं. आपल्या गावच्या वाढयाला दहा-बारा झाडं तरी कामानुसार पाठ असायची. बैलगाडीच्या आसाला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, कारण तो तुटत नाही. चाकाला आणि शेतीच्या अवजारांना तिवस. घराच्या खांबांना येन. दारांना आणि ढोलक्याला बिजा. फणीला, कोरीव कामाला हळदू. हलक्या कामाला शिवण. आणि मोहाला हात लावायचा नाही, कारण तो उभा असतानाच घर चालवतो.

जुनी माणसं पर्यावरणवादी होती, असं मला म्हणायचं नाही. त्यांनीही जंगल तोडून शेती केली. पण त्यांची मागणी दहा झाडांवर वाटली गेलेली होती, आणि ज्या जंगलातून लाकूड यायचं ते घरातून दिसायचं. जास्त तोडलं तर पुढच्या वर्षी लांब जावं लागायचं. लाकडाचं गाव विचारायची गरज नव्हती, कारण ते आपलंच गाव होतं.

हे बदललं रेल्वेने.

आपलं गोंदिया शहरच रेल्वेचं लेकरू. १८८० ते १८८२ च्या दरम्यान नागपूरहून राजनांदगावपर्यंत छोट्या रुळांची नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी आली, तिने ती लाइन घेऊन रूंद केली आणि पुढे कलकत्त्याकडे नेली. १९०३ ते १९०५ मध्ये गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत नॅरो गेज गेली. पुढच्या काही वर्षांत दक्षिणेला नागभीड-चांद्याकडची लाइन आली. चार दिशांना रूळ फुटले आणि खेड्याचं जंक्शन झालं. आपल्या राइस मिल, विडीचा धंदा, सगळी बाजारपेठ त्याच्यावर उभी राहिली. रेल्वेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण रूळ हवेत राहत नाहीत. त्यांच्या खाली स्लीपर लागतात, आणि तेव्हा ते बहुतेक लाकडाचे असायचे. त्या काळचा हिशेब असा की एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० स्लीपर. नागपूर ते गोंदिया अंतर जवळपास १३० किलोमीटर, म्हणजे ८१ मैल. तुम्हीच गुणा. एकेरी लाइनला दीड लाखाच्या आसपास स्लीपर. आणि ते एकदा टाकले की झालं, असंही नाही. ऊन, पाणी आणि वाळवी यांत लाकडी स्लीपर बारा-पंधरा वर्षं टिकायचा, मग नवा. सगळेच स्लीपर इथल्या जंगलातले नव्हते. काही लाइनींवर विलायतेहून लोखंडीही आले. तरी एकूण देशाच्या रेल्वेखाली जी लाकडाची जमीन अंथरली गेली, तिच्याएवढी मोठी फ्लोरिंग आपल्या जंगलांनी त्याआधी कधी पुरवली नव्हती.

त्यातही गंमत अशी की औषध न लावता टिकेल असं लाकूड देशात तीनच झाडांचं मानलं जायचं. साग, साल आणि देवदार. देवदार हिमालयात. साल, ज्याला आपल्याकडे सरई म्हणतात, तो आपल्या वरच्या अंगाला, बालाघाट-मंडल्यात. आणि साग आपल्या खालच्या अंगाला, चांदा आणि अहेरी-आलापल्लीकडे. मधे आपण. जी मागणी पूर्वी दहा झाडांवर वाटलेली होती, ती आता दोन-तीन झाडांवर येऊन पडली.

मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला. त्याच सुमारास इथल्या जंगलांचा कारभार मेजर जी. एफ. पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याकडे आला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या कॅप्टन फॉरसिथचं सातपुड्याच्या जंगलांवरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं. पिअर्सन पुढे कुमाऊं-गढवालकडे गेला. तिथल्या जंगलांबद्दल त्याने सरकारला कळवलं की रेल्वेसाठी झाडं उजाड होईपर्यंत तोडली गेली आणि त्यातली हजारो तिथंच पडून राहिली, कारण ती बाहेर काढायची सोयच नव्हती. हे एका इंग्रज अधिकाऱ्याचं म्हणणं आहे, कुठल्या आंदोलनवाल्याचं नाही. ठेकेदाराने आधी तोडलं, मग रस्त्याचा विचार केला.

या नासाडीवर सरकारने उपाय काय काढला? कायदा. १८६५ चा पहिला वन कायदा, मग १८७८ चा कडक कायदा, आणि शेवटी १९२७ चा, जो आजही चालू आहे. राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा रेषा ओढल्या गेल्या. जंगल वाचवायची गरज होती हे खरंच. पण रेषा ओढताना एक सोय करून घेतली. जंगल कंपनीच्या आणि ठेकेदाराच्या कुऱ्हाडीने संपत होतं, आणि बंदी आली गावच्या कुऱ्हाडीवर. गावाला उरला निस्तार. म्हणजे सरपण, काटे, नांगराचं लाकूड, बांबू, हे सवलत म्हणून, ठरलेल्या दराने, ठरलेल्या जागेहून. कालपर्यंत जो आपल्या जंगलातून आडा आणायचा, तो आज आणला तर चोर ठरला. "जंगल सरकारचं" हे वाक्य आपल्या आजोबांच्या तोंडी तिथून आलं.

मालगुजारांची जंगलं वेगळी होती. ती त्यांच्या मालकीची, आणि १९५०-५१ मध्ये मालगुजारी जाईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. जाणार हे कळल्यावर अनेक ठिकाणी मालगुजारांनी घाईघाईत उभं लाकूड ठेकेदारांना विकून टाकलं. उद्या सरकारजमा होणार, तर आजच पैसे करू. माणसाचा स्वभाव आहे. आज पाडले जाणारे जुने वाडे बघताना मला ही गोष्ट आठवते.

आता मित्राच्या पहिल्या सॅम्पलकडे येऊ. बर्मा टीक.

आपल्याकडे "बर्मा टीक" म्हटलं की भाव आपोआप वाढतो. पण या दोन शब्दांमागे एक अख्खं राज्य बुडालेलं आहे, आणि त्यात मुंबईचा हात आहे. १८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. धंदा सागवानाचा. ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचं लाकूड कापून कडं पाडत. झाड उभ्या उभ्या मरायचं, दोन-तीन वर्षं वाळायचं, मग तोडायचं. कारण ओलं सागवान पाण्यात बुडतं, वाळलेलं तरंगतं. मग हत्तींनी ओढून नदीत, आणि नदीतून रंगूनला.

१८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला की ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं आणि पैसे कमी भरले. दंड केला २३ लाख रुपयांचा. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरमध्ये फौज निघाली, दोन आठवड्यांत मंडाले पडलं, राजा कैद झाला. पुढच्या वर्षी त्याला कुठं आणून ठेवलं? आपल्या महाराष्ट्रात, रत्नागिरीला. तिथला थिबा राजवाडा शाळेच्या सहलीत पाहिलेले इथं बरेच जण असतील. १९१६ मध्ये राजा तिथंच वारला. आपण त्या वाड्यासमोर फोटो काढतो, पण तो राजा कोकणात का आला याचं एक उत्तर सागवानाच्या दंडाच्या पावतीत आहे.

ही गोष्ट इतिहासात संपली असती तर बरं झालं असतं. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातली, कारण जंगल झपाट्याने संपत होतं. कापलेलं लाकूड मात्र जातच राहिलं. २०२१ मध्ये तिथं लष्कराने सत्ता घेतली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध लावले, कारण तो पैसा थेट लष्कराच्या हाती जातो. म्हणजे आज दुकानात "बर्मा टीक" दिसलं तर दोनच शक्यता. एक, ते खरंच बर्माचं आहे, मग त्याचा पैसा कुठं गेला हे विचारा. दोन, ते बर्माचं नाहीच, आफ्रिकेतलं किंवा दक्षिण अमेरिकेतलं लागवडीचं सागवान आहे, आणि नाव फक्त भावासाठी लावलंय. दोन्ही वेळी गिऱ्हाईक अंधारात.

मग म्हणाल, परदेशी नको, आपलंच घेऊ. आपलं तर शुद्ध आहे ना?

थांबा. आपलंही तपासावं लागतं.

१९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झालं, मुख्यालय नागपूर. तेव्हाच्या विचारानुसार मिश्र जंगल हे कमी उत्पन्नाचं जंगल. ते साफ तोडायचं आणि त्या जागी सागवान लावायचं, म्हणजे दर हेक्टरी पैसा जास्त. आपल्या चारही पूर्व जिल्ह्यांत अशी लागवड उभी आहे. रांगेत सागच साग. वरून पाहिलं तर हिरवं, नकाशात जंगलच. पण आत जाऊन बघा. मोह नाही, टेंभरू नाही, चारोळी नाही, येन नाही, बेहडा नाही. हरणाला खायला थोडं, माणसाला गोळा करायला त्याहून थोडं. सागाची पानं गळून वाळली की उन्हाळ्यात आग लागायला वेळ लागत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. या लागवडीतलं लाकूड हिशेबाचं असतं. क्रमांक टाकून तोडलं जातं, हातोड्याचा ठसा पडतो, डेपोत लिलाव होतो, वाहतुकीचा परवाना निघतो. चोरट्या लाकडापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण "प्लांटेशनचं आहे साहेब, जंगल तोडलेलं नाही" असं कोणी म्हटलं तर एवढं विचारा की प्लांटेशनच्या आधी तिथं काय होतं. शेत होतं, पडीक होतं, की मोहाचं जंगल होतं?

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला. मंजूर कार्य-आयोजनेशिवाय जंगलातली तोड बंद, आणि विनापरवाना आरागिरण्या बंद. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी आरामशिनी थंड पडल्या. मजुरांचे हाल झाले, हेही खरं. पण त्या आदेशाने एक गोष्ट झाली, लाकडाला कागद लागू लागला. तिकडे १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आपल्या जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून जास्त भागावर आज जंगल आहे. आणि बाजारात फ्लोरिंगचं लाकूड विचारलं तर पुढं येतं आफ्रिकेचं. दीडशे वर्षं आपण लाकूड बाहेर पाठवलं, तेव्हा घेणाऱ्याने आपलं गाव विचारलं नाही. आज आपण घेणारे झालो, आणि दुसऱ्याचं गाव विचारत नाही.

आता एक गोष्ट आठवा. २८ मे २०२३ ला दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. तेव्हा सगळ्या पेपरांत यादी छापून आली होती, कोणत्या राज्यातून काय आलं. त्या यादीत सागवान होतं नागपूरचं. अभिमान वाटला, बातमी मीही केली. पण नागपूर ही बाजारपेठ. लाकूड पिकतं विदर्भाच्या जंगलात, कुठल्या तरी गावाच्या शिवेला. पहिल्या मोठ्या बाजारात पोचता पोचता लाकडाचं गाव पुसलं जातं आणि बाजाराचं नाव लागतं, ते असं. उलट त्याच वर्षी २९ मार्चला अयोध्येच्या राम मंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान निघालं, तेव्हा काष्ठपूजन झालं, शोभायात्रा निघाली, हजारो लोक रस्त्यावर आले. त्या लाकडाचा जिल्हा देशाला कळला. म्हणजे मनावर घेतलं तर लाकडाचा पत्ता सांगता येतो.

त्याच संसदेच्या यादीत आणखी एक ओळ होती. ती मी तेव्हा वाचली आणि पुढे गेलो, आज त्यावरच अडलोय. संसदेची फ्लोरिंग बांबूची आहे. आणि तो बांबू आला त्रिपुरातून, आगरतळ्याहून.

आपल्याकडे बांबू नाही का? देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, कुठंही जा. मानवेल बांबूची रानं आहेत. आपला बुरुड समाज पिढ्यान्‌पिढ्या सूप, टोपली, ढोली, तट्टे करतो. पण बांबूचं जे मोठं काम होतं, ते कागदाच्या कारखान्यासाठी लगदा करण्याचं. बुरुडाला सवलतीच्या काही बांबूंसाठी डेपोवर खेटे, आणि कारखान्याला ट्रकच्या ट्रक. कायदा बांबूला झाड म्हणत होता, त्यामुळे गावाने तोडला की गुन्हा.

हे मोडायला गडचिरोलीतलं एक छोटं गाव कारण झालं. मेंढा लेखा. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक देवाजी तोफांच्या हातात दिलं. दीडशे वर्षांपूर्वी ज्या गावांकडून कुऱ्हाड काढून घेतली, त्यातल्या एका गावाला आपल्या जंगलाचा माल आपल्या सहीने विकायचा हक्क परत मिळाला. बातमी छोटी वाटते. इतिहासाच्या हिशेबात ती फार मोठी आहे. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने वन कायद्यात बदल करून जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं. शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू तेव्हापासून मोकळा झाला. आपल्या जिल्ह्यातही देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावकडच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, आणि तेंदूपान, बांबू यांचे व्यवहार त्या स्वतः करतात.

मग आपल्या बांबूची फ्लोरिंग का होत नाही? प्रामाणिकपणे सांगतो, अडचण आहे. आपला मानवेल बारीक आणि जवळपास भरीव. फ्लोरिंगला पट्ट्या काढायच्या तर जाड्या पोकळ बांबूच्या जाती सोयीच्या. मानवेलाचे धागे ठेचून, चिकटवून, दाबून पाट्या करता येतात, पण त्याला यंत्रं लागतात, भांडवल लागतं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून शिकून गेलेली पोरं-पोरी वस्तू करतात. पण प्रशिक्षण आणि कारखाना यांच्या मधे जी दरी असते, ती आपल्या भागात सगळ्याच धंद्यांत आहे. नेत्यांना विचारायचा प्रश्न हा आहे. राइस मिलला आपण क्लस्टर मागतो, बांबूला का मागत नाही?

असो. मित्राला शेवटी काय सांगितलं, ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी म्हटलं, भाऊ, लाकूड पाहिजेच का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, पावसाळ्यात हवा ओली. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. भिंतीजवळ बोटभर फट सोडली नाही तर फळ्या उचलतात. नीट न वाळवलेलं लाकूड टाकलं तर दोन वर्षांत काढून फेकशील. आणि दोन वर्षांत फेकलेलं लाकूड कितीही प्रमाणपत्राचं असलं तरी ते वायाच गेलेलं झाड. जे साठ वर्षं टिकतं तेच खरं पर्यावरणाचं. टिकवायची तयारी नसेल तर शहाबादी नाहीतर कोटा टाक, झोप शांत लागेल.

पाहिजेच असेल, तर पहिली पसंती जुन्या लाकडाला. जिल्ह्यात जुने वाडे रोज पडताहेत. त्यांचे आडे, खांब, तक्तपोशीच्या फळ्या विकल्या जातात, अर्ध्या तर चुलीत जातात. हे लाकूड शंभर वर्षं वाळलेलं आहे. ते आता हलणार नाही. सागवान किती टिकतं याचा पुरावा हवा असेल तर १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. जुन्या लाकडात त्रास आहेच. खिळे काढावे लागतात, रंधा मारावा लागतो, वाढई कुरकुरतो. पण त्यासाठी एकही नवं झाड पडत नाही. फक्त वाडा कोणाचा, विकला कोणी, याचा कागद घ्यायचा. वाहतुकीला परवाना लागतो का, हे वनविभागात आधी विचारायचं. जुन्याच्या नावाखाली नवं चोरटं लाकूडही खपवतात.

दुसरी पसंती शेतकऱ्याच्या बांधावरच्या किंवा सरकारी डेपोतल्या लाकडाला. शेतातल्या सागाला तोडायची परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली, आणि न्यायला परवाना, ज्याला आपण टीपी म्हणतो. ती बघायला मागा. लाजू नका. पंधरा-वीस वर्षांच्या कोवळ्या सागात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त असतं, त्याला वाळवी लागते. ते काढून आतलं गाभ्याचंच घ्या. आणि सागाचाच हट्ट कशाला? आपल्या वाढयांना दहा लाकडं माहीत होती, ती त्यांना परत विचारा.

तिसरी पसंती प्रमाणपत्राच्या परदेशी लाकडाला. १९९३ मध्ये एफएससी नावाची संस्था निघाली. तिचा झाडाचा शिक्का असतो. त्यात तीन प्रकार. पूर्ण प्रमाणित, मिश्र आणि पुनर्वापराचं. दुकानदार बोर्डावरचा शिक्का दाखवतो, ते पुरेसं नाही. तुमच्या मालाच्या बिलावर क्रमांक पाहिजे, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये देशी लाकडासाठी प्रमाणन योजना जाहीर केली आहे. ती आपल्या डेपोपर्यंत कधी पोचते ते बघू. शिक्का म्हणजे देवाचा कौल नाही, तिथंही गडबडी होतात. पण गाव विचारायचा तो एक रस्ता आहे.

आणि लॅमिनेट? ते लाकूड नाहीच. दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचा फोटो. स्वस्त आहे, पण पाणी मुरलं की फुगतं, आणि रंधा मारून परत वापरता येत नाही.

मित्राने सगळं ऐकलं. म्हणाला, "तू फोनवर एका शब्दात सांगशील वाटलं होतं."

शेवटी त्याने दोनऐवजी एकाच खोलीत लाकूड करायचं ठरवलं. नात्यातल्या एकाचा वाडा पडत होता, तिथल्या माळ्याच्या फळ्या घेतल्या. मी बघायला गेलो होतो. एका फळीच्या पाठीवर वासल्याचे घाव तसेच होते, कोणत्या तरी वाढयाच्या हाताचे. घरातल्या आजीला विचारलं, हे लाकूड कुठलं? त्यांनी मान न उचलता, दिशा दाखवत गावाचं नाव सांगितलं. "तिकडच्या रानातलं. माझ्या सासऱ्याने गाडीने आणलं होतं. दोन मुक्काम पडले." ते गाव आहे. रानही थोडं आहे. त्या आजी गेल्या की ही माहिती गेली.

म्हणून एक विनंती. आज संध्याकाळी तुमच्या घरातल्या जुन्या दाराला, आड्याला, पाटाला हात लावा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे लाकूड कोणत्या गावचं? जे कळेल ते खाली लिहा. आणि पुढच्या वेळी दुकानात लाकूड घ्यायला गेलात, तर भाव विचारायच्या आधी तोच प्रश्न दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर येणार नाही, माहीत आहे. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अकराव्यासाठी तो शोधून ठेवेल.

#गोंदिया #आपलं_जंगल #झाडीपट्टी